न जोडलेले हात

शाळेत मुलाचे नाव घालावयाचे असो की सरकारी नोकरीसाठी अर्ज करावयाचा असो, छापील कागदावर नाव, जन्मतारीख आणि पत्ता यांच्या खालोखाल एक लहानसा रकाना बहुधा असतोच : धर्म. पत्ता लिहिताना माणूस अडखळतो. निदान आमच्या नवी मुंबईत तरी अडखळतोच. कारण सेक्टरचा आकडा, भूखंडाचा आकडा, इमारतीचा आकडा आणि पिनकोड इतके सगळे आकडे ध्यानात ठेवावे लागतात. धर्माच्या रकान्यापाशी मात्र कुणी थांबत नाही. आयुष्यातील सर्वांत गहन प्रश्नाचे उत्तर आपण सर्वांत कमी विचार करून देतो, आणि ते उत्तर बहुधा वडिलांच्या अर्जावरून उतरवून घेतलेले असते.

हा रकाना भरण्याची सक्ती सरकार करू शकते काय? मुंबई उच्च न्यायालयापुढे हा प्रश्न आला होता आणि २३ सप्टेंबर २०१४ रोजी न्या. अभय ओक व न्या. अतुल चांदूरकर यांनी त्याचा निकाल दिला. आपला धर्म बदलून ‘कोणताही धर्म नाही’ अशी नोंद राजपत्रात व्हावी, असा अर्ज काही मंडळींनी शासकीय मुद्रणालयाकडे केला होता. तो नाकारला गेला. केंद्र आणि राज्य या दोन्ही सरकारांनी न्यायालयात विरोध केला. ‘धर्म नाही’ हा काही धर्माचा प्रकार होऊ शकत नाही, असे सरकारपक्षाचे म्हणणे. न्यायालयाने ते मानले नाही. राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य दिले आहे. त्या स्वातंत्र्यात ‘मी कोणत्याही धर्माचा नाही’ असे म्हणण्याचे स्वातंत्र्यही येते, आणि कोणत्याही अर्जात धर्म लिहिण्याची सक्ती कोणताही अधिकारी कुणावर करू शकत नाही, असा तो निर्णय होता.

या खटल्यातील खरी गंमत पुढेच आहे. हा अर्ज करणारी माणसे नास्तिक नव्हती! त्यांची येशू ख्रिस्तावर श्रद्धा होती. त्यांचे म्हणणे एवढेच की, आम्ही येशूला मानतो, पण ख्रिस्ती धर्म म्हणून जो काही आहे त्यात आम्हाला मोजू नका. म्हणजे निधर्मी राहण्याचा हक्क आपल्याकडे मिळवून दिला तो चांगल्या भाविक माणसांनी. ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. धर्म, देव आणि श्रद्धा या तिन्ही गोष्टी आपण एकाच टोपलीत ठेवतो. वस्तुतः त्या तीन वेगळ्या आहेत. धर्माच्या रकान्यात एक शब्द लिहिणारा माणूस मनातून देव मानीत नसेल. देव मानणारा माणूस कोणताच धर्म मानीत नसेल. आणि दोन्ही न मानणारा माणूस आपल्या कामावर वा माणसांवर अशी श्रद्धा ठेवील की, भाविकाने तिचा हेवा करावा.

आपल्या पूर्वजांना हा भेद आपल्यापेक्षा अधिक चांगला कळत होता. ‘नास्तिक’ हा शब्द आज आपण ‘देव न मानणारा’ या अर्थी वापरतो. जुन्या शास्त्रकारांच्या लेखी मात्र वेदाचे प्रामाण्य नाकारणारा तो नास्तिक. त्यामुळे मोठी मौज झाली. सांख्यांना जग चालविण्यासाठी ईश्वराची गरज भासली नाही. यज्ञयागाचा एवढा पसारा मांडणाऱ्या पूर्वमीमांसकांनाही सृष्टिकर्त्या ईश्वरावाचून काही अडले नाही. तरी हे दोघेही आस्तिक दर्शनांच्या पंक्तीत बसले. आणि जैन, बौद्ध व चार्वाक हे वेद मानीत नाहीत म्हणून पंक्तीबाहेर गेले. म्हणजे ईश्वर न मानणारा आस्तिक ही गोष्ट या देशात अजिबात नवलाची नव्हती. ज्यांना नास्तिकता ही परदेशातून आलेली वस्तू वाटते, त्यांनी आपल्याच घरची माळ्यावरची पेटी उघडून पाहिलेली नाही, इतकेच म्हणावयाचे.

आता आमच्या गावाविषयी थोडे बोलतो. कारण हा प्रश्न ज्या जागी उभा राहतो त्या जागेचा नमुनाच हे गाव आहे. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि ठाणे व त्या वेळचा कुलाबा या जिल्ह्यांतील पंचाण्णव गावांच्या जमिनीवर हे शहर आखले गेले. आगरी-कोळ्यांच्या या गावांत गावदेवी होती, पालखी होती, जत्रा होती. ‘तू देव मानतोस का?’ असा प्रश्न तिथे कुणी कुणाला विचारीत नसे. खाडीला भरती येते, शेतात पाणी येते, तशी पालखी येते. तिला खांदा द्यावयाचा. मानण्या न मानण्याचा संबंधच कुठे आला? मग भूखंड पडले, सेक्टर झाले आणि देशाच्या चारी कोपऱ्यांतून माणसे येऊन राहिली. प्रत्येकाने आपापला देव बरोबर आणला. नेरुळात अय्यप्पाही आला आणि बालाजीही आला. गुरुद्वारे झाले, चर्च झाले, मशिदी झाल्या. खारघरला इस्कॉनचे भव्य मंदिर जानेवारी २०२५ मध्ये उघडले. गावदेव्या आपापल्या जागी आहेतच.

अशा शहरात राहणाऱ्या माणसाच्या मनात एक विचार आज ना उद्या येतोच. दहा मिनिटांच्या वाटेवर पाच निरनिराळ्या देवांचे दरवाजे उघडे दिसले की, आपण ज्या दारात जातो ते दार आपण निवडले आहे की आपल्याला जन्माबरोबर मिळाले आहे, असे मन विचारू लागते. जिथे एकच देऊळ असते तिथे श्रद्धा श्वासासारखी असते. जिथे दहा असतात तिथे ती पत्त्यासारखी होते, ती सांगावी लागते. आणि सांगावयाची वेळ आली म्हणजे काहींच्या ध्यानात येते की, आपल्यापाशी सांगण्यासारखे काही नाही. २०११ च्या जनगणनेत सुमारे एकोणतीस लाख लोकांनी धर्म सांगितला नाही. स्वतःला स्पष्ट शब्दांत नास्तिक म्हणविणारे मात्र साऱ्या देशात अवघे तेहतीस हजार निघाले. त्यांत साडेनऊ हजारांहून अधिक आपल्या महाराष्ट्रातले. सव्वाशे कोटींच्या जवळपास लोकसंख्येत तेहतीस हजार! हा आकडा खरा असेल, पण तो नास्तिकांचा आकडा नव्हे. तसे बोलून दाखविण्याचे धैर्य असलेल्यांचा तो आकडा आहे.

बाकीचे का बोलत नाहीत? सरकारच्या भीतीने खचित नाही. न्यायालयाने तर त्यांना अभय दिले आहे. रस्त्यावरच्या लोकांच्या भीतीनेही सहसा नाही. आमच्या सेक्टरात कोण देवळात जातो आणि कोण जात नाही याची दखल घ्यावयास कुणाला सवड नाही. ते बोलत नाहीत ते आईच्या, बायकोच्या, सासूच्या, मामाच्या धाकाने. धाकाने म्हणण्यापेक्षा त्यांना वाईट वाटेल या चिंतेने. शहराने आणि न्यायालयाने दिलेले स्वातंत्र्य उंबरठ्यापाशी चपलांबरोबर काढून ठेवावे लागते. म्हणून या प्रश्नाचा खरा मुक्काम विधिमंडळात वा न्यायालयात नसून, देवघरापासून स्वयंपाकघरापर्यंतच्या त्या दहा पावलांत आहे, असे मला वाटते.

इथे एका गोष्टीचा नीट विचार केला पाहिजे. आपण ‘श्रद्धा निवडण्याचे स्वातंत्र्य’ असे शब्द सर्रास वापरतो. पण श्रद्धा निवडता येते का? दुकानात जाऊन लुगडे निवडावे तशी श्रद्धा निवडता येत नाही. कुणी मला लाख रुपये देऊ केले आणि ‘उद्यापासून अमुक गोष्टीवर विश्वास ठेव’ म्हटले, तर मी तसे म्हणेन कदाचित, पण माझा विश्वास बसणार नाही. विश्वास बसतो किंवा उडतो. तो बसविता येत नाही. भक्ताला विचारा, तोही हेच सांगेल की, मी देवाला निवडले नाही, मला त्याची ओढ लागली. मग माणसाच्या हाती उरते काय? मनात जे आहे त्याच्याशी आपले हात जुळते ठेवावयाचे की विसंगत, एवढेच त्याच्या हाती असते. म्हणून ज्याला आपण निवडीचे स्वातंत्र्य म्हणतो ते मुळात खोटे न वागण्याचे स्वातंत्र्य आहे.

एकदा हे ध्यानात आले की, सक्तीचा निरर्थकपणा आपोआप उघडा पडतो. सक्तीने हात जोडता येतील, मन जोडता येणार नाही. नाशिककडील एका शाळेतले एक शिक्षक प्रार्थनेच्या वेळी हात जोडीत नसत. शाळेने हे बेशिस्त वर्तन ठरविले आणि त्यांची वरिष्ठ वेतनश्रेणी अडकली. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना न्याय दिला. प्रार्थनेत हात जोडण्याची सक्ती करणे म्हणजे मूलभूत हक्काचा भंग करणे होय, असा त्याचा आशय होता. त्या शाळेने क्षणभर असा विचार करावयास हवा होता : समजा, पगारासाठी त्या गुरुजींनी हात जोडले असते, तर समोरच्या मुलांना काय शिक्षण मिळाले असते? भक्तीचे नक्कीच नाही. पगार वाढावा म्हणून मनात नसलेले हावभाव कसे करावेत, याचे उत्तम प्रात्यक्षिक मात्र त्यांना रोज सकाळी मिळाले असते.

याहून जुना आणि मला याहून प्रिय असलेला दाखला केरळचा आहे. १९८५ साली तिथल्या एका शाळेतून तीन भावंडांना काढून टाकण्यात आले. राष्ट्रगीत चालू असताना ती आदराने उभी राहत. पण आपल्या पंथाच्या श्रद्धेप्रमाणे ती गात नसत. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत शाळेत घ्यावयास लावले. ही मुले धर्मश्रद्ध होती आणि नाशिकचे गुरुजी हात जोडावयास तयार नव्हते. परंतु दोघांचा हक्क एकच. भाविकाची ढाल आणि नास्तिकाची ढाल एकाच लोखंडाची आहे. ‘त्याला काय करावयाचे आहे स्वातंत्र्य?’ असे एकाविषयी म्हणणाऱ्याने दुसऱ्याच्याही ढालीला भोक पाडले म्हणून समजावे. आणि त्या तीन मुलांनी आपल्या सगळ्यांना एक रीतही घालून दिली : उभे राहावे, गाऊ नये. दुसऱ्याच्या भावनेचा मान म्हणून उभे राहणे आपण लागतो. पण मनात नसलेला शब्द तोंडाने काढणे कुणाचेही लागत नाही.

ही रीत घरात पाळली गेल्याची उदाहरणे महाराष्ट्रात नाहीत असे नाही. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ साली ‘सुधारक’ काढला आणि देव, श्राद्ध, सोवळे यांवर असा घाव घातला की, पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. पण ज्याने साऱ्या समाजाशी वाद मांडला त्याने घरात यशोदाबाईंच्या देवधर्मावर आपली मते लादली नाहीत. काही लोकांना यात विसंगती दिसते. मला यात त्यांच्या विचाराची कसोटी दिसते. समाजाशी वाद करणे सोपे नसते. पण जी व्यक्ती आपल्यावर सर्वस्वी अवलंबून आहे तिच्याशी वादात जिंकण्याचा मोह आवरणे त्याहून कठीण. नवरा म्हणतो म्हणून देव सोडणारी बायको आणि नवरा म्हणतो म्हणून देव पुजणारी बायको, यांत बुद्धिवादाचा जय कुठेच नाही. दोन्हीकडे नवऱ्याचाच जय आहे.

दुसरे घर टिळकांचे. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा तो निर्णय प्रामाणिक होता, दीर्घ विचारान्ती घेतलेला होता. पण त्या निर्णयाची किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली. नवरा जिवंत असून ताटातूट झाली, नातलगांच्या दारी राहावे लागले, लोकांचे बोल ऐकावे लागले. काही वर्षांनी त्या टिळकांकडे परतल्या त्या हिंदू म्हणूनच. मग आधी त्यांच्या मनातून जातीचा विटाळ गेला, तो त्यांच्याच विचाराने गेला. आणि त्यानंतर १९०० साली त्या ख्रिस्ती झाल्या. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत त्यांना हे ठाऊकच आहे. या कहाणीत मला दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे, घरातल्या एकाच्या श्रद्धास्वातंत्र्याचे बिल पुष्कळदा दुसऱ्याच्या नावावर फाडले जाते, आणि ती दुसरी व्यक्ती बहुधा बाई असते. दुसरी म्हणजे, पाच वर्षे उशिरा का होईना, लक्ष्मीबाई आपल्या पायांनी चालत तिथे पोहोचल्या. टिळकांच्या पहिल्याच दिवशी त्यांनाही ओढून नेले असते, तर एक ख्रिस्ती अधिक मिळाला असता. लक्ष्मीबाई मिळाल्या नसत्या.

आणि निवड म्हणजे काय हे महाराष्ट्रात ज्यांनी सर्वांत मोठ्या प्रमाणावर दाखविले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. नागपूरला दीक्षा घेतली ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. मध्ये एकवीस वर्षे गेली. जन्माने मिळालेले नाकारावयास त्यांना वेळ लागला नाही. स्वीकारावयाचे ते मात्र त्यांनी एकवीस वर्षे पारखून घेतले. आणि शेवटी जो मार्ग त्यांनी पत्करला त्यात सृष्टिकर्ता ईश्वर नाही. तो मार्ग चालणाऱ्यांना त्याची किंमत द्यावी लागली. अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती नवबौद्धांना मिळाल्या त्या १९९० साली. म्हणजे दीक्षेनंतर चौतीस वर्षांनी. निवडीचे स्वातंत्र्य कागदावर सर्वांना सारखे असते. तिची किंमत सर्वांना सारखी नसते. माझ्यासारख्या सुखवस्तू माणसाने धर्माचा रकाना कोरा सोडला तर त्याचे काही जात नाही. ज्याची शिष्यवृत्ती त्या रकान्यावर अवलंबून आहे, त्याला कोरेपणाचे कौतुक ऐकविण्यापूर्वी आपण जरा थांबावे.

कायदाही या बाबतीत अजून पुरता मोकळा झालेला नाही. १८७२ च्या विशेष विवाह कायद्याने वधूवरांना ‘आम्ही हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे कोणताच धर्म मानीत नाही’ असे लिहून द्यावयास लावले होते; तो कायदा जाऊन १९५४ चा आला आणि ती अट गेली. पण १९५५ चा हिंदू विवाह कायदा पाहा. जो मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही, पारशी नाही, ज्यू नाही, त्याला तो सर्वसाधारणपणे लागू होतो. म्हणजे तुम्ही रकाना कोरा ठेवलात तरी कायदा आपल्या हाताने त्यात काहीतरी लिहितोच.

आता घरातल्या दोन-तीन अवघड प्रसंगांकडे वळू. समजा, एक सून देव मानीत नाही. गौरी-गणपतीत ती पहाटे उठते, मोदक वळते, पाहुण्यांचे सगळे करते. एवढेच म्हणते, “आई, स्वयंपाकाचे सगळे मी बघते; पण पूजेला मला बसवू नका.” सासूबाईंना वाईट वाटते. त्यांचे वाईट वाटणे खोटे नाही. त्यांना वाटते, आपण आयुष्यभर जपलेले हिने हलके लेखले. पण सासूबाईंनी उलट बाजूने पाहावे. ही मुलगी आपल्याला फसवू शकली असती. पाटावर बसून, पदर घेऊन, मनात दुसरेच काही म्हणत तिने तासभर काढला असता, आणि आपल्याला कधीही कळले नसते. तिने तसे केले नाही. ज्या देवाला आपण अंतर्यामी म्हणतो त्याच्यासमोर तिने खोटे बसण्याचे नाकारले. अंतर्यामी असलेल्याला यात अपमान वाटेल की समाधान, हे भाविक माणसानेच ठरवावे.

मुलांचा प्रश्न याहून बिकट. ‘मोठी झाली म्हणजे त्यांची ती निवडतील, तोवर आम्ही काही शिकविणार नाही,’ असे काही बुद्धिवादी आईबाप म्हणतात. हे मला पटत नाही. मोठा झाल्यावर भाषा निवडील म्हणून आपण मुलाला मुका ठेवीत नाही. आईबाप मुलाला आपल्यापाशी असेल तेच देणार. भाविक आरती देतील, नास्तिक प्रश्न देतील. देण्यात अन्याय नाही. दिलेले परत करावयास बंदी घालण्यात अन्याय आहे. सोळा वर्षांचा मुलगा एके दिवशी ‘मी आरतीला येत नाही’ म्हणाला, किंवा नास्तिक बापाची मुलगी ‘मी संकष्टी करणार’ म्हणाली, म्हणजे आईबापांची परीक्षा सुरू होते. त्या क्षणी जो चिडतो तो मुलाच्या कल्याणासाठी चिडत नसतो; आपली प्रतिकृती बिघडली म्हणून चिडत असतो.

तिसरा प्रसंग मरणाचा. ‘माझे दिवस करू नका,’ असे सांगून माणूस जातो, आणि त्याच्या मागे राहिलेली बायको दहाव्याला कावळा शिवला नाही तर कासावीस होणारी असते. कुणाचे ऐकावे? मला वाटते, देहाचे काय करावयाचे ते गेलेल्याच्या इच्छेप्रमाणे करावे. कारण तो त्याचा शेवटचा शब्द आहे. पण त्या बाईला घरात दिवा लावून चार दिवस नाव घ्यावेसे वाटले, तर तिला तत्त्वज्ञान शिकवू नये. पहिल्याचे मत गेले नाही आणि दुसरीचे दुःख अडले नाही, असा मार्ग बहुतेक घरांत सापडतो. शोधणाऱ्याला घाई नसली पाहिजे.

नास्तिकांनाही दोन शब्द सांगावेसे वाटतात. आमच्याकडील सोसायट्यांत वर्धापनदिनाला, कधी कधी प्रजासत्ताकदिनालाही, सत्यनारायण घालतात आणि घरोघर वर्गणी मागतात. ‘मी मानीत नाही, म्हणून देणार नाही,’ असे म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला आहे आणि तो कुणी अडवू नये. पण तो हक्क बजावताना वर्गणीचे पुस्तक घेऊन आलेल्या शेजाऱ्याला अडाणी ठरविण्याचा हक्क त्याबरोबर मिळत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली, आणि देवाधर्माला विरोध नसून त्याच्या नावाने होणाऱ्या शोषणाला विरोध आहे, हे ते वर्षानुवर्षे शांतपणे सांगत राहिले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. न जोडलेले हात ज्यांना सहन होत नाहीत ते कुठवर जातात, हे त्या सकाळी दिसले. म्हणूनच दाभोलकरांचे नाव घेणाऱ्याच्या बोलण्यात कुचेष्टा शोभत नाही.

दिवाळीच्या दिवसांत हे सगळे कशाला, असे कुणी म्हणेल. पण याच दिवसांत घर एका ठिकाणी गोळा होते आणि याच दिवसांत हे अबोल प्रश्न पाटापाशी येऊन बसतात. आकाशकंदील लावावयास कोणतेही दर्शन आड येत नाही, आणि चकली खाण्यासाठी ईश्वराचे अस्तित्व सिद्ध करावे लागत नाही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कुणाच्या घरात एक तरुण मुलगा वा एक सून हात न जोडता, पण आदराने, बाजूला उभी असेल. तिला तशी उभी राहू द्यावी. तिच्या शेजारी जोडलेले जे हात असतील ते मग कुणाच्या सांगण्यावरून जोडलेले नसून आपल्या मनाने जोडलेले आहेत, याची खात्री पटेल. आणि पूजेला त्याहून अधिक काही लागत असेल असे वाटत नाही.